वानखडे आणि चार ओळी

माझ्या भाडेकरूनं राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या घराचं दार काढलं.

चोरलं नाही, काढलं. माडीवर जायच्या जिन्याला खाली एक दार आहे, वर खोलीला एक आहे, आणि मधल्या वळणावर मी आणखी एक बसवलेलं होतं. वानखडे त्या वळणावर थांबला, दार वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "काकाजी, हे काहून?"

काहून म्हणजे कशासाठी. तो वऱ्हाडातला, कारंज्याच्या बाजूचा. तिकडं असंच बोलतात.

मी म्हणालो, "दार हाय ते."

"दार आहे हे दिसून राहिलं. पण खाली एक आहे, वर एक आहे. मधलं काहून?"

खरं म्हणजे घर बांधताना सुतार म्हणाला होता, फळ्या उरल्यात, एक दार बसवून टाकू. म्हणून बसवलं. तेवीस वर्षं मी ते उघडत होतो आणि लावत होतो. हे त्याला सांगायची लाज वाटली. मी म्हणालो, "असू दे की. तुझं काय खातंय?"

"आठ दिवस काढून पाहू. काही पडलं तर परत लावून देतो."

बिजागऱ्यांचे स्क्रू त्यानंच काढले. आठ दिवस गेले, महिना गेला, काही पडलं नाही. ते दार आता गोठ्यात वैरणीखाली टाकलंय. वैरणीला ओल लागत नाही.

"हे काहून" आणि "काही पडलं तर परत लावून देतो", या दोन वाक्यांवर त्या माणसाचा संसार चालतो. संसार म्हणजे तो एकटाच. वय पंचेचाळिसाच्या आसपास, लग्न नाही. ते काहून नाही, हे मी त्याला विचारलं नाही.

आमच्या नेरे गावात निम्म्या भातखाचरांवर इमारती झाल्यात आणि ज्याच्या त्याच्या माडीवर कंप्युटरवाली माणसं भाड्यानं राहतात. माझ्या माडीवर हा. आला तेव्हा त्याच्याबरोबर एक चटई, एक ताट, एक तांब्या, चार कपडे आणि कंप्युटर एवढंच. मला वाटलं बाकीचं सामान मागनं टेम्पोतून येईल. मी संध्याकाळपर्यंत फाटक उघडं ठेवलं. मग वर जाऊन विचारलं तर म्हणाला, "आलं ना सगळं."

चहाचंही तेच. आधी साखर सोडली. काही पडलं नाही. मग दूध सोडलं. पंधरा दिवसांनी चहापत्तीही सोडली. आता सकाळी नुसतं गरम पाणी पितो आणि त्याला चहा म्हणतो. मला एकदा "चहा घ्यायला या" म्हणून वर बोलावलं होतं. तेव्हापासून वर जाताना मी माझा कप खालून भरून नेतो.

यावरून गावात माझं एक भांडणही झालंय. शांताराम माझ्या भावकीतला, शेजारीच राहतो. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तो पत्रिका घेऊन आला. पत्रिका आमच्याकडं असते तशीच होती. वर सहा देव, मग प्रमुख उपस्थितीत आजी-माजी पुढारी झाडून सगळे, मग निमंत्रक, मग व्यवस्थापक, मग दोन्हीकडचे चुलते-मामे, शेवटी भाचरांची किलबिल. वानखडे ओट्यावर बसला होता. त्यानं पत्रिका घेतली, खिशातून पेन काढलं.

"हे आले नाहीत तर लग्न अडते का?"

"न्हाई, पन त्यांचा मान..."

खोडलं.

"अन् हे?"

"त्यो माझा मेव्हणा हाय."

"त्यांना ते माहीतच असेल." खोडलं.

शांताराम बघत राहिला. पाच मिनिटांत त्या पत्रिकेवर मुलगी, मुलगा, वार, वेळ आणि मारुंजीचं मंगल कार्यालय एवढंच उरलं. वानखड्यानं ती त्याच्यापुढं धरली. "पाहा शांतारामभाऊ. लग्न लागते. काही पडत नाही."

शांतारामनं पत्रिका जवळ नेऊन बघितली, लांब नेऊन बघितली. "माझं नाव कुटं हाय?"

"तुम्ही तर तिथंच राहाल ना," वानखडे म्हणाला. "पत्रिकेत काहून?"

दुसऱ्या दिवशी शांताराम मला म्हणाला, "दादा, हे येडं घालव. माझ्या वळखीत चांगला कुटुंबवाला भाडेकरू हाय."

"मंग त्यो तुझ्या माडीवर ठेव," मी म्हणालो.

"लोक नावं ठेवत्यात."

"मला ठेवत्यात ना? तुला काय त्रास हाय?"

वानखड्याला घालवायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं, त्याचं कारण वेगळं आहे. मालकीण जाऊन दीड महिना झाला होता तेव्हा हा आला. त्या दीड महिन्यात माझ्या ओट्यावर जो आला त्यानं मला शहाणं केलं. सुटल्या म्हणे. भाग्यवान म्हणे, अहेवपणी गेल्या. शांताराम म्हणाला, देवाला चांगली माणसं लागतात. मी त्याला सांगितलं, तिला सुटायचं नव्हतं, तिला अजून पापड करायचे होते. दोन्ही मुली सासरी गेल्या, एक पिरंगुटला, एक लवळ्याला, आणि मी ओट्यावर एकटा राहिलो. वानखड्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "काकू?" मी म्हणालो, "वारल्या. आदी साखर, मंग पाय, मंग सगळंच." तो म्हणाला, "वाईट झालं." आणि चटई घेऊन वर गेला. दीड महिन्यात खरं बोललेला हा पहिला माणूस.

आता त्याचं काम सांगतो. दुसऱ्यांनी कंप्युटरात जे लिहिलेलं असतं ते तपासायचं, हे त्याचं काम. कुणी काही बदल केला की तो याच्याकडं येतो. हा ओळ न ओळ वाचतो, शेरे मारतो, आणि पटलं तर होकाराचं एक बटण दाबतो. ते दाबल्याशिवाय बदल पुढं जात नाही. हापिसात म्हणे त्याचा धाक आहे. लोकांनी शंभर ओळी पाठवल्या की हा त्यातल्या साठ काढायला लावतो.

रोज चार वाजता तो ओट्यावर येऊन बसतो आणि आज काय तपासलं ते मला सांगतो. मी चौथी शिकलो, तीही तीन मास्तरांच्या हाताखाली. मी एकदा म्हणालो, "मला हे सांगून काय उपेग?"

"तुम्हाला समजलं तर त्यानं बरोबर लिहिलं. नाही समजलं तर लिहिणाऱ्याचं डोकं साफ नाही."

माझ्या अडाणीपणाचा असा कुणाला उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. मी कप घेऊन बसायला लागलो. नाही कळलं की स्पष्ट सांगायचो, "न्हाई कळलं." तो लगेच कंप्युटरात काहीतरी लिहायचा आणि कुठल्यातरी लांबच्या गावातल्या पोराचं काम परत जायचं. असे कितीक पोरांचे तळतळाट माझ्या नावावर असतील.

त्यांची कंपनी एक पेटी बनवते. म्हातारी माणसं एकटी राहतात, त्यांच्या भिंतीवर ती लावायची आणि गळ्यात एक बटण घालायचं. माणूस पडला, छातीत दुखलं, की बटण दाबायचं. पेटीवर लाल दिवा लागतो आणि पेटी लांबच्या सेंटरला कळवते. सेंटरवरून उत्तर आलं, की गाडी निघाली, की दिवा हिरवा होतो.

माघ महिन्यात एका दुपारी तो जिना दोन-दोन पायऱ्या उतरून आला. इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता.

"काकाजी, एका पोरीनं कमाल केली. सायली नाव आहे, नाशिकवरून काम करते. सॉकेटचं सगळं साफ केलं तिनं."

"सॉकेट म्हंजे?"

"दोन मशिनी लांबून बोलतात ना, पेटी अन् सेंटर. दोघींच्या हातात बोलण्याचं एकेक टोक असतं. ते सॉकेट. टोक उचलायचं, बोलायचं, ऐकायचं, खाली ठेवायचं. एवढंच काम."

"मंग अडचण काय व्हती?"

"एवढ्याला चारशे ओळी होत्या."

सतरा जणांनी लिहिलेल्या, तो म्हणाला. एकानं लिहिलं, लाईन तुटली तर काय करायचं. दुसऱ्याला ते दिसलं नाही, त्यानं तेच परत लिहिलं. तिसऱ्याला दोन्ही दिसलं, पण काढायची हिंमत झाली नाही, म्हणून त्यानं तिसरं लिहिलं. मला लगेच कळलं. आमच्या पाण्याच्या पाइपाचा एक जोड गळतो. जो जातो तो त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळून येतो. आता तिथं पाइप दिसतच नाही, नुसती रबराची गाठ दिसते, आणि पाणी गळायचं ते गळतंच. सायलीनं सगळ्या पट्ट्या काढून जोड नवा बसवला होता. चारशेच्या सत्तर ओळी.

"आठ वर्षं मी लोकांना सांगून राहिलो, काढा. कुणी हात लावत नव्हतं." तो ओट्यावर मांडी घालून मोठ्यानं वाचायला लागला. एकेक ओळ वाचायचा, मराठीत सांगायचा, आणि मान डोलवायचा. मला सगळं कळत होतं. चाळिसाव्या ओळीच्या सुमारास तो थांबला. मागं गेला. परत वाचलं. मग कंप्युटर मिटून वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आला, पण बोलेना. मी म्हणालो, "पोरीच्या कामाचं काय झालं? बटण दाबलंस का?"

"नाही."

"का? चुकलं का काय?"

"चार ओळी जास्तीच्या काढल्या तिनं."

मला हसू आलं. हा माणूस लग्नाच्या पत्रिकेतून मुलीचा बाप काढतो, आणि कुणी चार ओळी जास्त काढल्या म्हणून रुसून बसतो. पण तो हसला नाही. त्यानं मला सांगितलं ते असं. पेटी सेंटरला म्हणते, माणूस पडलाय, या, माझं सांगून झालं. जुन्या लिहिण्यात ते ऐकल्यावर सेंटर आपलं टोक हातात धरून ठेवायचं, "गाडी निघाली" हे सांगायचं, पेटीला ते पोचलं याची खात्री करायचं, आणि मग टोक ठेवायचं. त्या चार ओळी. सायलीच्या नव्या लिहिण्यात, पेटी "माझं झालं" म्हणाली की सेंटर निरोप लिहून घेतं आणि लगेच टोक ठेवतं.

"मंग उत्तर?"

"हापिसातल्या टेबलावर उत्तर पोचते. लाईन चांगली आहे तिथं. डोंगरात, खेड्यात लाईन अशक्त राहते. उत्तर वाटेत असतानाच इकडं टोक ठेवलं जाईल. दिवा लालच राहील."

"पन गाडी?"

"गाडी तर निघते."

मी विचार केला. "मंग लई काय बिघडलं न्हाई."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी कप खाली ठेवला.

त्याच्या हापिसातल्या साहेबाचंही म्हणणं माझ्यासारखंच होतं. साहेबाला त्या सत्तर ओळी फार आवडल्या होत्या. आणि त्यानं तपासायला वानखड्याकडं मुद्दाम पाठवल्या होत्या, कारण ओळी काढलेल्या बघून हा माणूस डोळे झाकून होकार देईल असं सगळ्यांना वाटलं होतं. वानखड्यानं सायलीला शेरा लिहिला, "बाकी उत्तम. या चार परत घाला." तिनं विचारलं, कशासाठी. यानं लिहिलं, "राहू द्या."

पोरगी हुशार. तिनं ओट्यावर फोन केला, म्हणजे कंप्युटरावर. मी शेजारीच होतो.

"सर, मी बघितलं, त्या चार ओळी कुणी लिहिल्यात ते. प्रत्येक ओळीपुढं नाव येतं ना. तुम्हीच लिहिल्यात, सहा वर्षांपूर्वी."

"हो."

"त्यांच्यावर कारण लिहिलेलं नाही."

"नाही."

"सर, पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला शिकवलंत, ज्या ओळीचं कारण सांगता येत नाही ती काढायची. म्हणून मी काढल्या."

जी काठी घेऊन वानखडे आठ वर्षं सगळ्यांच्या मागं लागला होता, ती त्या पोरीनं अगदी नम्रपणे त्याच्याच हातात दिली. "काढू नका एवढंच," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग साहेबाचं पत्र आलं. शुक्रवारपर्यंत लेखी कारण द्या, नाहीतर होकार द्या. दोन्ही नसेल तर सोमवारपासून हे काम दुसऱ्याकडं जाईल आणि तुम्हाला दुसरीकडं घेऊ. दुसरा लगेच बटण दाबणार हे उघड होतं.

"मंग लिही की कारण," मी म्हणालो.

"लिहिण्यासारखं नाही."

बुधवारी तो खाली आला नाही. गुरुवारी दुपारपर्यंत आला नाही तेव्हा मी माझा कप भरून वर गेलो. तो चटईवर बसला होता, कंप्युटर उघडा, पडद्यावर काही लिहिलेलं नाही. मी समोर बसलो. मला गोल बोलता येत नाही. मी म्हणालो, "वानखडे, कोण पडलं व्हतं?"

त्यानं कंप्युटर बाजूला सारला. मग बोलायला लागला तेव्हा त्याची हापिसातली भाषा गेली होती आणि गावची आली होती.

"माय," तो म्हणाला. "आंगणात पडली. शेजारच्या बाईनं फोनवर निरोप टाकला, माय पडली, बोलावून राहिली, ये. मी मीटिंगमंदी होतो. निरोप पाहिला अन् तसाच उठलो. बॅगबी घेतली नाही. जी पहिली बस भेटली तिच्यात बसलो. फोन करायचं मनात आलं होतं, काकाजी. मले वाटलं, फोन काहून? जातोच तर आहो. बोलण्यात वेळ काहून घालवा."

माझा चहा निवून गेला.

"पुरा रस्ताभर मी निघालेलाच होतो. अन् ती तिकडं विचारत होती, निघाला का. डाक्टर आला त्याले विचारलं, निघाला का तो. शेजारच्या बाईले काय माहीत, ती काय सांगन. मी पोचाच्या दोन तास आधी गेली. फोन करणंच काढून टाकलं मी. गरज नाही म्हणून काढून टाकलं."

कामावर परत आल्यावर आठवड्याभरात त्यानं त्या चार ओळी लिहिल्या होत्या. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

मी म्हणालो, "हेच लिही."

"हापिसात? सगळे वाचतील. हसतील लोक."

"हसू दे. तुला लोकांची कवापासनं पडली? शांतारामच्या तोंडावर त्याचं नाव खोडलंस तवा न्हाई वाटलं काय."

"हे कंप्युटरचं कारण नाही, काकाजी."

"मंग कुणाचं हाय? पेटी कंप्युटरसाठी बनवताय का माणसासाठी? लिही म्हणतो ना. मी बसलोय हितं."

तासभर लागला. शंभराच्या चाळीस करणारा माणूस, एकेक शब्द घालताना त्याला घाम फुटत होता. शेवटी त्यानं जे लिहिलं ते मला मराठीत वाचून दाखवलं. ज्यानं हाक मारली त्याला उत्तर पोचल्याशिवाय लाईन ठेवू नये. मदत निघाली हे कळणं हाही मदतीचाच भाग आहे. माझ्या आईला कळलं नव्हतं. खाली त्याचं नाव.

"कळलं का?" त्यानं विचारलं.

"कळलं," मी म्हणालो. "पाठव."

शुक्रवारी अकरा वाजता साहेबाचं बोलणं होतं. ओट्यावर रेंज चांगली येते म्हणून वानखडे तिथंच बसला. पडद्यावर साहेब आणि एका कोपऱ्यात ती सायली. मी पडद्यात दिसत नव्हतो, पण ऐकत होतो.

"वानखडे, कारण वाचलं," साहेब म्हणाला. "वाईट वाटलं, खरंच. पण हे भावनिक झालं, टेक्निकल नाही. निरोप सेंटरला पोचतो, गाडी सुटते. दिवा हिरवा झाला काय, नाही झाला काय, गाडीला फरक पडत नाही."

"गाडीला नाही पडत," वानखडे म्हणाला.

"आणि हजारो लाईनी उघड्या धरून ठेवायच्या, त्याचा भार आहे."

"थोडा आहे. आकडे दिलेत मी."

"मग तुमचं म्हणणं काय, बटण दाबणार नाही?"

"नाही दाबणार."

"सोमवारी दुसरा दाबेल."

"त्याला दाबू द्या. माझ्या हातून होणार नाही."

मला राहवलं नाही. "ओ साहेब," मी म्हणालो. "तुमी कदी एकलं पडून राहिलाय का?"

"कोण बोलतंय?"

"हे काकाजी," वानखडे म्हणाला. "माझ्याबरोबर तपासतात."

"कुठल्या टीमला आहेत?"

"चौथी पास," मी म्हणालो आणि पडद्यापुढं सरकलो. "ऐका. आमची मालकीण व्हती तवाची गोष्ट. मी गोठ्यात घसरलो, पाय खाली आडकला. हाक मारली. ती चुलीपाशी. तिचे गुडघे गेल्याले, गोठ्यापतूर यायला तिला पाव तास लागायचा. पन तिनं आतनंच सांगितलं, आले, उठू नका. पाय तसाच दुखत व्हता, मी तसाच शेणात पडल्यालो. तरी ती बोलायच्या आदीचं एक मिनिट मला लई लांब गेलं, आन् नंतरचा पाव तास कसा गेला ते कळलं न्हाई. तुमच्या गाडीला ह्यातला फरक कळत न्हाई. माणसाला कळतो."

पडद्यावर साहेब हलायचा थांबला. मला वाटलं रेंज गेली.

मग सायली म्हणाली, "सर, मी त्या ओळी परत घातल्यात. काल संध्याकाळीच."

"मला न विचारता?"

"लेखी कारण तुम्हीच मागितलं होतं सर. ते आलं. आणि मी एक तपासणीही जोडलीये. पुढं कुणीही त्या चार ओळी काढल्या तर सगळं काम तिथंच थांबेल आणि पडद्यावर वानखडेसरांचं कारण येईल. ते वाचल्याशिवाय कुणाला पुढं जाता येणार नाही."

साहेबानं चष्मा काढून डोळे चोळले. "पाच सेकंद. त्याच्यावर लाईन धरून ठेवायची नाही."

"डोंगरात आठ लागतात," वानखडे म्हणाला.

"मंग धा धरा," मी म्हणालो.

"दहा," साहेब म्हणाला. त्याला बहुतेक दुसरी मीटिंग होती.

वानखड्यानं चौऱ्याहत्तर ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत परत वाचल्या. घाई केली नाही. मग बटण दाबलं.

मला वाटलं होतं आता खुलेल. पण चार वाजता आला तेव्हा तो नुसता बसून राहिला. समोरच्या इमारतीवर कामगार स्लॅब टाकत होते, त्यांच्याकडं बघत होता.

"काकाजी," तो म्हणाला, "सगळे मले सांगतात, मायले आतून कळलं असंल. लेकरू निघालं की मायले कळतेच म्हणतात. सहा वर्षं झाले, जो तो हेच सांगते. तुम्हाले काय वाटते?"

खोटं सांगणं सोपं होतं. दहा महिने लोक माझ्या ओट्यावर येऊन तेच करत होते. वाईट माणसं नव्हती ती, पण ते उठून गेले की मला आणखी एकटं वाटायचं.

"न्हाई कळलं," मी म्हणालो. "वाट बघत गेली ती. तू निघाला व्हतास, आन् तिला म्हाईत नव्हतं. दोनी खरं हाय."

मग त्याचे खांदे हलायला लागले. कुणाच्या पाठीवर हात ठेवणं मला जमत नाही, कधी जमलं नाही. मी तिथंच बसून राहिलो. सहा वर्षांचं होतं, त्याला वेळ लागला.

तोंड धुऊन आल्यावर त्यानं विचारलं, "भाकरी आहे का?" मी पिठलं गरम केलं. तो जेवत होता तेव्हा मी म्हणालो, "आईचं नाव काय?"

"कमला."

आणि मग तो बोलायला लागला. ती घरात आणि अंगणात वेगळ्या चपला वापरायची. भाजीत मीठ जास्त पडलं की म्हणायची, मीठच तसलं आलं. त्याच्या पहिल्या पगाराचा रेडिओ तिनं फडक्यात बांधून ठेवला आणि शेजाऱ्यांच्या रेडिओवर गाणी ऐकली. काहीच वगळलं नाही त्यानं. एकच गोष्ट दोनदा सांगितली तरी मी मधे बोललो नाही. स्लॅबवरचे कामगार उतरून गेले, म्हशीची धार काढायची वेळ झाली, आणि तो रिकाम्या ताटापुढं बसून कमलाबाईंचं सांगतच होता.

मी बादली घेऊन उठलो तसा तो थांबला.

"अन् काकूचं नाव काय होतं?"

दहा महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मालकीण, आजी, वहिनी, म्हातारी, सगळं म्हणून झालं होतं. मीही तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. मी बादली खाली ठेवली.

"हौसा," मी म्हणालो.

त्यानं ते नाव एकदा स्वतःशीच म्हणून बघितलं, ताट बाजूला सारलं आणि भिंतीला टेकून बसला.

"सांगा," तो म्हणाला.